रंगाचा एक उभा पट्टा मारला अन् आठ महिने त्याच्याकडे बघत बसला

कॅनव्हासवर नुसते उभे पट्टे दिसले की आपण पटकन म्हणतो, हे तर आमचं पोरगंही काढेल. अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनने हे आयुष्यभर ऐकलं.

जन्म १९०५ चा, न्यूयॉर्कमधला. वडिलांचा कपड्यांचा कारखाना. मुलगा शिकला तत्त्वज्ञान, पण १९२९ च्या मंदीत धंदा बसला आणि तो सावरण्यात उमेदीची वर्षं गेली. १९३३ मध्ये गडी न्यूयॉर्कच्या महापौरपदालाही उभा राहिला! चित्रंही काढायचा, पण सुरुवातीची बरीचशी त्याने स्वतःच नष्ट केली.

२९ जानेवारी १९४८. त्याचा ४३ वा वाढदिवस. गडद तपकिरी-लाल रंगाच्या छोट्या कॅनव्हासवर मधोमध त्याने उभी चिकटपट्टी लावली आणि रंग कसा दिसतो ते बघायला तिच्यावर झगझगीत लाल फासला. तिथेच थांबला. पट्टी काढलीच नाही. पुढचे आठेक महिने तो त्या चित्राचा विचार करत राहिला.

खरं तर मधल्या पट्ट्याने चित्राचे दोन तुकडे पडायला हवे होते. इथे उलट झालं, दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या गेल्या. पुढे तो या पट्ट्यांना झिप म्हणू लागला. आपण जिला चेन म्हणतो, तीच.

मग कॅनव्हास वाढले. १९५०-५१ च्या एका लाल चित्राची रुंदी जवळपास साडेपाच मीटर. त्यावर पाच बारीक पट्टे, कमीजास्त अंतरावर. पण त्यातल्या दोघांमध्ये नेमका चौरस बसतो. हे चित्र जवळ उभं राहून बघा, अशी सूचनाच त्याने प्रदर्शनात लावली होती. लांबून तो नुसता लाल आयत. जवळ गेलं की कडा दिसेनाशा होतात आणि माणूस रंगाच्या आत असतो.

लोकांना ते पटलं नाही. १९५१ नंतर त्याने काही वर्षं एकल प्रदर्शनच केलं नाही. घर चाललं शिक्षिका असलेल्या पत्नीच्या, ॲनालीच्या पगारावर. मान मिळाला तो पन्नाशी उलटल्यावर. १९७० मध्ये हृदयविकाराने तो गेला.

१९८६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात एकाने त्याचं आणखी एक भलंमोठं लाल चित्र चाकूने फाडलं. दुरुस्त होऊन ते परत आलं, तेव्हा त्यावर रोलर फिरवल्याचा आरोप झाला. पूर्वीच्या लालमधली खोली गेली, असं जाणकारांचं म्हणणं होतं.