वाया न गेलेले वर्ष

परीक्षेत एक वर्ष गेले की घरात सुतकी कळा पसरते. शेजारी खोदून खोदून चौकशी करतात, नातेवाईक हळहळतात आणि ज्याचे वर्ष गेले तो चारचौघांत तोंड लपवीत फिरतो. परंतु महाराष्ट्रात असा एक विद्यार्थी होऊन गेला, की ज्याचे महाविद्यालयातील पहिलेच वर्ष परीक्षेच्या हिशेबाने बुडाले, आणि तेही त्याने समजून-उमजून बुडू दिले! तो विद्यार्थी म्हणजे बळवंत गंगाधर टिळक. ‘केसरी’चे संपादक, मंडालेचे बंदिवान, ‘गीतारहस्या’चे कर्ते ही लोकमान्यांची रूपे आपण शाळेपासून ओळखतो. या लेखात त्यांच्या चरित्रातील एकच धागा हाती धरावयाचा आहे. त्यांनी आपले शरीर कसे कमावले, ते कसे खर्च केले, आणि ते बिघडल्यावर त्याच्याशी कसे वागले, एवढाच तो धागा.

बळवंतरावांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक, संस्कृत आणि गणित यांचे चांगले जाणकार. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्यास झाली आणि त्याच वर्षी बळवंतरावांची आई पार्वतीबाई वारल्या. १८७१ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी वडिलांचेही छत्र हरपले. त्या साली मॅट्रिकची परीक्षा उतरून सोळा वर्षांचा हा पोरका मुलगा १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाला. बुद्धी तल्लख होती, गणितात गती होती, संस्कृत श्लोक जिभेवर होते. प्रकृती मात्र तोळामासा. अंग किडकिडीत, अन्न नीट पचत नसे. त्यांची पत्नी त्यांच्यापेक्षा अंगाने सुदृढ दिसे आणि त्यावरून सोबती त्यांची थट्टा करीत, असे चरित्रकार सांगतात.

अशी थट्टा आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला येते. कोणी बारीक म्हणून, कोणी जाड म्हणून चिडविला जातो. कोणी ती हसण्यावारी नेतो, कोणी मनात कुढत बसतो, तर कोणी रागाच्या भरात दुसऱ्याच दिवशी पहाटे उठून शंभर बैठका मारतो आणि तिसऱ्या दिवशी मांड्या धरून अंथरुणात पडून राहतो. बळवंतरावांनी यांतले काहीच केले नाही. आपले शरीर दुबळे आहे ही गोष्ट त्यांनी गणितातील पदासारखी मान्य केली आणि ते पद सोडवावयास किती वेळ लागेल याचा हिशेब मांडला. उत्तर आले एक वर्ष. तेव्हा एक वर्ष शरीराला द्यावयाचे आणि अभ्यासाला त्या वर्षापुरते दुय्यम स्थान द्यावयाचे, असा निश्चय त्यांनी केला.

डेक्कन कॉलेज त्या काळी पुणे शहराबाहेर, नदीपलीकडे होते. कॉलेजला व्यायामशाळा होती आणि नदी तर हाकेच्या अंतरावर. विद्यार्थी तेथेच राहात, क्लबात जेवत. बळवंतरावांनी या परिसराचा पुरेपूर उपयोग करून घेतला. तालीम, कुस्ती, नदीत पोहणे, नाव वल्हविणे यांत त्यांचा दिवस जाऊ लागला. पोहण्यात तर ते तरबेज झाले. व्यायामाच्या जोडीला आहारही सुधारला. दूध आले, आणि अंगमेहनतीमुळे ते पचूही लागले. वर्गातील व्याख्यानांकडे मात्र त्यांचे फारसे लक्ष नसे. वर्ष संपले तेव्हा परीक्षेत अपयश पदरी आले. पण जो मुलगा कॉलेजात आला होता तो आता राहिला नव्हता. छाती भरली होती, दंड भरले होते, पोटाची तक्रार गेली होती.

या काळातील त्यांच्या खोड्या प्रसिद्ध आहेत. वसतिगृहातील काही विद्यार्थ्यांना शक्तिवर्धक औषधांच्या बाटल्या जवळ बाळगण्याचा नाद होता. बळवंतराव त्यांच्या खोल्यांत शिरत आणि त्या बाटल्या खुशाल बाहेर फेकून देत. औषध हवे असेल तर तालमीत चला, असा त्यांचा सल्ला असे. नाजूक प्रकृतीचे चोचले पुरविणाऱ्या मित्रांना ते इतके सतावीत, की त्यांना सैतान असे टोपणनावच पडले. खोडी म्हणून ती हसण्यासारखी आहे. पण तिच्यामागे एक निश्चित मत होते. शरीर विकत मिळत नाही, ते रोज थोडे थोडे कमवावे लागते, हे ते मत. त्या बाटल्यांची जागा आज डब्यांनी आणि पुड्यांनी घेतली आहे. महिन्यात वजन उतरविण्याची हमी देणारी पावडर आणि पंधरा दिवसांत दंड फुगविणारी पावडर एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेली असते. बळवंतराव आज आपल्या वसतिगृहात आले असते, तर त्यांना पुष्कळ काम पुरले असते!

येथे क्षणभर थांबून या वर्षाचे मर्म पाहू. पहिली गोष्ट अशी की, त्यांनी किंमत आधी ठरविली आणि ती रोख मोजली. आपण शरीराला उरलासुरला वेळ देतो. अभ्यास झाल्यावर, पाऊस थांबल्यावर, परीक्षा संपल्यावर व्यायाम करू म्हणतो. आणि तो वेळ कधी उरतच नाही. दुसरी गोष्ट, त्यांनी व्यायाम आणि आहार यांची फारकत केली नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. एक वर्ष हा काळ असा आहे की त्यात उत्साह चार वेळा येतो आणि चार वेळा ओसरतो. जो केवळ उत्साहाच्या बळावर निघाला असेल तो दुसऱ्या महिन्यात बसतो. जो उत्साह ओसरल्यावरही ठरल्या वेळी तालमीत जातो, त्याला पुढे निश्चयाची गरजच उरत नाही. त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. यालाच आपण सवय म्हणतो. त्या वर्षाची खरी कमाई दंडांत नव्हती, ती या सवयीत होती.

पुढे अभ्यासाचे नुकसानही भरून निघाले. १८७६ मध्ये गणित विषय घेऊन ते बी. ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले, १८७९ मध्ये एल्एल्. बी. झाले. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. त्या मंडळींच्या आयुष्यांकडे पाहिले म्हणजे मन चरकते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्ये, बत्तिशीही न गाठता गेले. टिळकांच्याच वयाचे आगरकर दम्याने जर्जर होऊन १८९५ मध्ये चाळिशीच्या आत गेले. यात त्यांचा दोष मुळीच नव्हता. रोग गुणदोष पाहून येत नाही, आणि आगरकरांनी तर गरिबीशी झगडत, दुखऱ्या छातीने जे काम केले त्याला तोड नाही. परंतु ज्या कामाला माणसे अशी अकाली कमी पडत होती, त्या कामासाठी टिळक आणखी पंचवीस वर्षे उभे राहिले, हा त्या वर्षाचा अर्थ आहे.

आणि हा भार थोडाथोडका नव्हता. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगाने थैमान घातले असता पुढारी म्हणविणारे अनेकजण गाव सोडून गेले. टिळक शहरातच राहिले. त्याच वर्षी त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातील अन्न त्यांना जाईना आणि वजन झपाट्याने उतरले. वजनाच्या काट्याकडेच डोळे लावून बसणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. काटा खाली गेला म्हणजे आरोग्य वर आले असे नाही. उपासमारीने उतरलेल्या त्या वजनाबरोबर अंगातील ताकदही गेली होती. ६ सप्टेंबर १८९८ रोजी मुदतीपूर्वी सुटका झाल्यावर ती परत मिळविण्यासाठी त्यांना विश्रांती घ्यावी लागली. त्यांना आवडणारा सिंहगड या कामी उपयोगी पडला. गडावरची मोकळी हवा आणि पायपीट यांनी ते पुन्हा उभे राहिले. मुळात कमावलेले शरीर लवकर सावरते, याचा तो पुरावा होता.

परंतु चरित्रकाराने केवळ गुणगान करू नये. कमावलेले शरीर म्हणजे जन्मभराचा परवाना नव्हे. संपादकाचे बैठे काम, रात्रीची जागरणे, खटल्यांच्या कागदांचे ढीग, ताईमहाराज प्रकरणाचा वर्षानुवर्षे चाललेला मनस्ताप, जेवणाच्या बिघडलेल्या वेळा, आणि सुपारीची सवय; तालमीतला तो जुना दिनक्रम या धबडग्यात कोठे टिकणार! १९०८ मध्ये दुसऱ्या राजद्रोहाच्या खटल्यात बावन्नाव्या वर्षी ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले, तेव्हा त्यांना मधुमेह जडलेला होता. त्या स्थितीत सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशात मंडालेस नेण्यात आले.

त्या काळी मधुमेह म्हणजे काय होते, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. इन्शुलिनचा शोध १९२१ मध्ये कॅनडात लागला. म्हणजे टिळकांच्या मृत्यूनंतर एक वर्षाने. मंडालेतील कैद्याजवळ उपाय एकच होता, तो म्हणजे पथ्य. ज्या कोकणी माणसाच्या रक्तात भात आहे त्याने भात सोडला. गहूही सोडला. सातूच्या पिठाच्या पुऱ्या, दूध, दही असा आहार त्यांनी धरला. लाकडी फळ्यांच्या त्या खोलीत उन्हाळ्यात अंगाची लाही होई आणि थंडीत वारा फटींतून आत शिरे. तेथे ना मित्र, ना उत्साह देणारे कोणी, ना टाळी वाजविणारे. हे पथ्य आठवड्याचे किंवा पंधरवड्याचे नव्हते. वर्षांमागून वर्षे ते पाळावयाचे होते.

पहाटे उठणे, स्नान-संध्या, ठरल्या वेळी जेवण, ठरल्या वेळी वाचन-लेखन, आवारात फेऱ्या, असा दिवस त्यांनी बांधून घेतला. या दिनक्रमात त्यांनी पाली, फ्रेंच आणि जर्मन या भाषांचा अभ्यास केला. २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या पाच महिन्यांत शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची वार्ता त्यांना कोठडीतच समजली. एके काळी ज्यांच्या सुदृढपणावरून मित्र त्यांची थट्टा करीत, त्या आधी गेल्या. त्या दुःखातही दिनक्रम मोडला नाही. बहुधा त्या दिनक्रमानेच त्यांना सावरून धरले असावे.

सतरा वर्षांच्या मुलाने तालमीत जे शिकून ठेवले होते ते मंडालेत असे कामी आले. तेव्हा शरीर भरून काढावयाचे होते, आता आवरून धरावयाचे होते. पण हत्यार एकच होते. मनाला येवो न येवो, ठरले ते करावयाचे. वजन वाढविणे आणि वजन उतरविणे या वरवर उलट्या दिसणाऱ्या गोष्टी आहेत. दोहोंच्या मुळाशी हीच एक शिस्त आहे. आज शास्त्रही हेच सांगते. घाईने उपाशी राहून उतरविलेले वजन बहुधा परत येते, कारण शरीर भूक वाढविते आणि आपला खर्च कमी करते. टिकते ते तेवढेच, जे माणूस पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही सहज पाळू शकेल. म्हणून कोणतेही पथ्य धरताना ते किती कडक आहे हे पाहू नये, ते किती वर्षे झेपेल हे पाहावे.

जून १९१४ मध्ये टिळक पुण्यास परतले. वयाचे अठ्ठावन्नावे वर्ष, अंगात मधुमेह. कोणीही निवृत्ती पत्करली असती. त्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन केली, गावोगाव दौरे केले, १९१८ मध्ये विलायतेस जाऊन वर्षभर तेथील थंडी सोसली आणि परत येऊन अमृतसरची काँग्रेस गाठली. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस सरदारगृहात त्यांचा अंत झाला तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते आणि कामातच होते.

विद्यार्थी मित्रांनो, वर्ष बुडवा असे सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. तसे सांगितले तर आपले प्राचार्य हा अंक छापूच देणार नाहीत! आपल्याला वर्ष द्यावयाची गरज नाही. दिवसातील एक तास पुरेसा आहे. मात्र तो उरलेला तास नसावा, आधी काढून ठेवलेला असावा. स्नेहसंमेलनात छाप पडावी किंवा लग्नाच्या छायाचित्रात चांगले दिसावे म्हणून नव्हे, तर आयुष्यात पुढे कोणते मंडाले वाट पाहत आहे हे कोणालाच ठाऊक नसते म्हणून.

डेक्कन कॉलेजातील टिळकांची खोली आजही स्मारक म्हणून जपून ठेवली आहे. कधी पुण्यास गेलात तर जरूर पाहून या. आणि परतताना नदीकडेही एकदा नजर टाका. गुणपत्रिकेत ज्या वर्षाची नोंद अपयश अशी झाली, ते वर्ष तेथे सत्कारणी लागले होते.