एकशे एक दिवसांचा संपादक

गोपाळ गणेश आगरकर म्हटले की आपल्याला आठवतो तो 'सुधारक'. पण मला या माणसाची ओळख पटते ती त्याआधीच्या एका हरलेल्या खटल्यात.

कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली गरीब घरात आगरकर जन्मले. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. डेक्कन कॉलेजात एम. ए. होताना त्यांनी ठरवून टाकले की सरकारी नोकरीच्या वाटेला जायचे नाही. टिळक-चिपळूणकरांबरोबर शाळा उभी राहिली आणि जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला. संपादक होते पंचविशीही न गाठलेले आगरकर.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी वेडे ठरवले गेले होते. त्यांचा छळ होतो आहे, असे सारा महाराष्ट्र कुजबुजत होता. दिवाण माधवराव बर्वे यांना गुंतवणारी पत्रे 'केसरी' आणि 'मराठा'कडे आली. दोन्ही पत्रांनी तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली!

इथे कायदा समजून घेतला पाहिजे. लोकहितासाठी केलेले सत्यकथन हा बदनामीचा गुन्हा नव्हे, ही सवलत तेव्हाही दंडसंहितेत होती. पण सत्याचा पुरावाच खोटा निघाला, तर संपादकाच्या हाती राहतो फक्त चांगला हेतू. आणि कोर्टात हेतूबरोबर खबरदारीही दाखवावी लागते. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, ती पुरली नाही. जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली.

तत्पूर्वी जामिनाचे दहा हजार रुपये आले कुठून? जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी जामीन दिला. ज्या गोटातून जोतीरावांवर बोचरी टीका झाली होती, त्याच गोटासाठी! हा मोठेपणा आपण फार कमी वेळा सांगतो.

मुंबईच्या डोंगरी तुरुंगात टिळक आणि आगरकर एकत्र होते. १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला सुटका झाली. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी अहमदनगरला, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. पत्रे खोटी होती. काळजी मात्र खोटी नव्हती.

पुढे सामाजिक सुधारणेवरून मित्रांत बेबनाव झाला. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. संमतिवय, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण यांवर ते लिहीत राहिले. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. दम्याने पोखरलेला देह घेऊन त्यांनी फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळले आणि १७ जून १८९५ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले.

बदनामी आजही आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. म्हणून 'सुधारक'चे लेख वाचताना मला एक गोष्ट जाणवते. तुरुंगातून आलेला हा संपादक घाबरून गप्प बसला नाही. मात्र यापुढे त्याचे हत्यार कुणाची गुप्त पत्रे नव्हती, त्याचा स्वतःचा युक्तिवाद होता.