मागास या शब्दाचा अर्थ आणि बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. शाळेत इतर मुलांपासून वेगळे बसविले गेलेले भीमराव पुढे कोलंबिया व लंडन येथे शिकले, बॅरिस्टर झाले आणि १९४७ साली संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. हे चरित्र सर्वांस परिचित आहे. म्हणून या स्मरणिकेत आम्ही त्यातील एका दिवसाचे विशेष स्मरण करीत आहोत.

तो दिवस ३० नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत सरकारी नोकऱ्यांतील समान संधीच्या अनुच्छेदावर चर्चा चालू होती. राखीव जागांच्या तरतुदीत मसुदा समितीने मागास हा शब्द घातला होता. परंतु मागास कोणास म्हणावे, याची व्याख्या दिली नव्हती. शब्द संदिग्ध आहे, यातून केवळ खटले वाढतील, अशी टीका काही सभासदांनी केली.

बाबासाहेबांनी उत्तर दिले. समान संधी हे तत्त्व राखावयाचे होते आणि प्रशासनाबाहेर ठेवलेल्या समाजांना प्रवेशही द्यावयाचा होता. या दोहोंचा मेळ त्या शब्दाने साधत होता. मागास कोण, हे त्या त्या सरकारने ठरवावे. मात्र राखीव जागा एकूण जागांच्या निम्म्याहून कमी असाव्यात आणि सरकारने अतिरेक केल्यास न्यायालयाने तो तपासावा, असे त्यांनी स्पष्ट केले. अर्थ मोकळा ठेवला, पण मोकाट सोडला नाही.

१९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रासमधील महाविद्यालयीन प्रवेशांचे जातवार वाटप रद्द केले. त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने शिक्षणातही मागास वर्गांसाठी विशेष तरतुदीची वाट खुली झाली. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढे १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मागास या शब्दाचा अर्थ लावताना त्यांच्या त्या भाषणाचा आधार घेतला.

असे शब्द सरकारी कचेऱ्यांत आणि न्यायालयांत पुन्हापुन्हा वाचले जातात. वाचणाऱ्यांत आपली मुले नसतील, तर त्यांचा अर्थ इतरच ठरवतील. बाबासाहेबांनी १९५० साली आपल्याच जिल्ह्यात, औरंगाबादेस, महाविद्यालय सुरू केले. बिडकीनच्या आमच्या वसतिगृहात आज अभ्यासाला बसणारी मुले त्याच वाटेवर आहेत. बाबासाहेबांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!