बहिणाबाईंचं पान, तीन चुका आणि स्क्रीनशॉट

मी असोद्याचा. जळगावजवळचं आमचं गाव म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. मागे एका वेबसाइटवर त्यांचं चरित्र उघडलं, तर तिथे त्या चक्क तुकाराम महाराजांच्या शिष्या झालेल्या! अहो, त्या संत बहिणाबाई वेगळ्या, सतराव्या शतकातल्या. मी तावातावाने मेल टाकला की माहिती चुकलीय, दुरुस्त करा. उत्तर आलं, नेमकी कुठली माहिती? आता यात त्यांचं काय चुकलं? एवढं लांबलचक पान, त्यात बोट कुठे ठेवायचं ते मी सांगितलंच नव्हतं.

मग स्क्रीनशॉट काढायला बसलो. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवर आणि व्हॉल्यूम कमी करायचं बटण एकदम दाबलं की झालं. एका शॉटमध्ये एकच चूक, तिच्याभोवती लाल चौकोन. खाली पानाची लिंक, आत्ता काय दिसतंय आणि काय हवं. हवा तो मजकूर टाइप करूनच दिला, कारण चित्रातून कॉपी करायला त्यांना त्रास. (पहिल्या शॉटवर आईच्या मेसेजची नोटिफिकेशन आली होती, ती क्रॉप केली. तुम्हीही बघून घ्या.)

पहिली चूक शतकाची. बहिणाबाई जन्मल्या १८८० साली, असोद्याच्या महाजनांच्या घरात. वडील उखाजी, आई भिमाई. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींशी लग्न झालं आणि तिशीच्या आसपास नवरा गेला. ओंकार, सोपानदेव, काशी ही तीन लेकरं आणि शेतीचा रगाडा, सगळं एकटीवर. लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना गाणी सुचायची, तशीच त्या म्हणायच्या. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी ती ऐकून कागदावर टिपून ठेवायचे. जी त्या वेळी टिपली गेली नाहीत, ती गेलीच.

दुसरी चूक मला जास्त लागली. पानावर लिहिलं होतं की पुस्तकामुळे त्यांना हयातीतच नाव मिळालं. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी उचलून धरली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' त्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. बाईंनी स्वतःचं पुस्तक पाहिलंच नाही. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. आता प्रोजेक्टसाठी पोरं असलीच पानं उघडतात, म्हणून म्हटलं हे सोडायचं नाही.

तिसरी चूक म्हणजे आमच्याकडचा 'पानी' तिथे 'पाणी' झाला होता, 'मानूस'चा 'माणूस'. आणि गंमत म्हणजे हे मेलमध्ये लिहायला गेलो, तर माझ्याच कीबोर्डच्या ऑटोकरेक्टने परत 'पाणी' केलं! शेवटी छापील पुस्तकाच्या पानाचा फोटो आणि वेबसाइटचा शॉट शेजारी-शेजारी जोडले, दोन्हीकडे तोच शब्द चौकोनात. ऑटोकरेक्ट बंद करून शब्द टाइपही केले.

पहिल्या दोन दुरुस्त्या आठवडाभरात झाल्या. तिसरी अजून बाकी आहे. काल पुन्हा ताजा शॉट पाठवलाय, जुन्याच मेलला रिप्लाय करून.