इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (जन्म : म्यिंज्यान, ब्रह्मदेश, १५ डिसेंबर १९०५, मृत्यू : पुणे, ११ ऑगस्ट १९७०) या मराठी मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ व लेखिका होत्या. वंश व जात यांविषयीच्या जैविक नोंदी कशा घ्याव्यात आणि त्यांचा अर्थ कसा लावावा, या प्रश्नावरील त्यांचे काम महत्त्वाचे मानले जाते.

शिक्षण

माहेरचे आडनाव करमरकर. ब्रह्मदेशातील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. १९२६ साली त्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. नंतर गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम.ए. पदवी मिळवली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर हे त्यांचे पती.

बर्लिनमधील संशोधन

१९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्ववादी होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता युरोपीय लोकांत अधिक असते व तिचा बुद्धीशी संबंध असतो, असे गृहीतक त्यांच्यापुढे होते. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या. मोजमापांत वंश आणि असमानता यांचा संबंध आढळला नाही आणि प्रबंधात त्यांनी तसाच निष्कर्ष नोंदवला. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

जातींचा जैविक अभ्यास

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत होत्या. वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांवरील त्यांचा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. पोटजाती एका जातीच्या विभाजनातून निर्माण झाल्या, हे घुर्ये यांचे मत त्यांना सर्वत्र लागू वाटत नव्हते. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची तुलना केली. एकाच नावाखाली येणारे हे गट जैविकदृष्ट्या परस्परांहून भिन्न आढळले. त्यामुळे नोंदीचे एकक व्यापक जात नसून प्रत्यक्ष अंतर्विवाही गट असावा, या विचाराला आधार मिळाला.

लेखन

'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) व 'हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन' (१९६१) हे त्यांचे प्रमुख इंग्रजी ग्रंथ आहेत. महाभारतातील व्यक्तिरेखांवरील 'युगान्त' या मराठी ग्रंथास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आरोग्य संशोधनातील महत्त्व

गटनिहाय नोंदींचे महत्त्व सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात स्पष्ट होते. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. गटांतर्गत विवाहांमुळे जनुकाचे प्रमाण समाजागणिक बदलते. गडचिरोली जिल्ह्यात हा विकार आढळतो. याच जिल्ह्यातील हेमलकसा परिसरात माडिया गोंड समाज राहतो. तेथे कर्वे यांच्या निधनानंतर, १९७३ साली, लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. अशा भागात सर्वांची नोंद केवळ आदिवासी या शीर्षकाखाली केल्यास गटागटांतील फरक झाकले जातात. उलट, गटाचे नाव हेच आजाराचे कारण मानल्यास दारिद्र्य, आहार व दवाखान्याचे अंतर ही कारणे दुर्लक्षित राहतात. गटाची नोंद नेमकी असावी, पण तिच्यातून श्रेष्ठ-कनिष्ठतेचा अर्थ काढू नये, ही दक्षता कर्वे यांच्या संशोधनात दिसते.