बालगंधर्व : वेषाच्या अंगाने परिचय

गाठीची चोळी मागे सरून पोलके, पुढे ब्लाउज रुळला, त्या काळातील अभिरुचीवर एका पुरुषाचा ठसा आहे, हे ध्यानात घ्या. तो म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७). त्यांचे नागठाणे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत मोडते. १९०५ साली मिरजेस ते शकुंतला म्हणून प्रथम उभे राहिले. त्यांची नेसण, पोलके, गजरा यांचे अनुकरण कुलीन स्त्रिया करीत. त्या स्त्रियांना मात्र रंगमंच निषिद्ध होता. ही विसंगती नजरेआड करू नका. उंची वस्त्रांच्या या हौसेपायी गंधर्व नाटक मंडळीवर कर्ज चढले. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ बोलपटात ते एकनाथांच्या पुरुषवेषात दिसले. पुढे पुन्हा स्त्रीवेषाकडेच वळले.