जनाबाईच्या गावी

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना मला झाली. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण नेहमी वाचतो, आणि वाचावीतही. परंतु मी निवडली आहे ती राज्य नसलेली, संसार नसलेली, स्वतःचे म्हणून जवळजवळ काहीच नसलेली एक बाई. म्हणजे नामदेवांच्या घरची दासी, संत जनाबाई. तिची म्हणून ओळखली जाणारी दोन ठिकाणे, गंगाखेड आणि पंढरपुराजवळचे गोपाळपूर, आम्ही मंडळातल्या चौघीजणी पाहून आलो. त्या गावांच्या वाटेनेच तिची हकीकत सांगते.

आधी गंगाखेड. आपल्या डहाणू रोडहून मुंबई, मुंबईहून परभणी आणि तेथून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे गाव लागते. गाव गोदावरीच्या काठी आहे. तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गावाला दक्षिण काशी म्हणण्याची चाल आहे. नदीवर दगडी घाट आहेत आणि गावात जनाबाईचे मंदिर आहे. तिचा जन्म येथे झाला. बापाचे नाव दमा, आईचे करुंड. घरात अठरा विश्वे दारिद्र्य आणि समाजात शूद्र म्हणून खालची पायरी. मात्र घराण्यात विठ्ठलाची भक्ती होती. परंपरा सांगते की, लहानपणीच ती पंढरपुरास आली आणि दामाशेटी शिंप्यांच्या घरी राहिली. हे दामाशेटी म्हणजे नामदेवांचे वडील.

गंगाखेडहून पंढरपूर काही जवळ नाही. आज मोटारीनेही त्या प्रवासात अर्धा दिवस सहज मोडतो. घाटाच्या पायरीवर बसले असता माझ्या मनात आले की, सातशे वर्षांपूर्वी हे अंतर तुडवून परक्या दारी गेलेल्या एवढ्याशा मुलीला माहेरची वाट पुन्हा कशी दिसली असेल? आईबाप अंतरल्याचे, आपल्याला दुसरे कोणी नसल्याचे दुःख तिच्या अभंगांत पुन्हा पुन्हा येते. विठ्ठलाला ती कधी बाप म्हणते, तर कधी सरळ विठाबाई म्हणून आईच करून टाकते. गंगाखेड पाहिल्यावर या हाकेतील तहान अधिक समजते.

दामाशेटींचे घर मोठे होते. दामाशेटी आणि गोणाई, नामदेव आणि राजाई, नारा, विठा, गोंदा व महादा हे चार मुलगे, त्यांच्या चार बायका, नामदेवांची बहीण आऊबाई आणि लेक लिंबाई. आणि या चौदांच्या पंक्तीत पंधरावी जनी. नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा धरतात. म्हणजे ज्ञानेश्वर, निवृत्ती, सोपान, मुक्ताबाई, चोखामेळा, गोरा कुंभार हे सारे त्याच काळातले. ज्ञानेश्वरी १२९० साली सिद्ध झाली. या थोर मंडळींची नामदेवांकडे ऊठबस असे. जनी तेव्हा काय करीत असेल? दळण, कांडण, सडासारवण, पाणी, शेणगोठा! तिला कोणी पाटीपुढे बसविले नाही. पण दाराआडून, चुलीपाशी, अंगणात जे कानावर पडले ते तिने साठवून ठेवले. आणि नामदेवांच्या घरी सर्वांनाच अभंगाचा नाद असल्यामुळे दासीलाही कोणी गप्प बसविले नाही. हा त्या घराचा मोठेपणा मानला पाहिजे.

नामदेवांच्या गाथेत तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग छापलेले आढळतात. त्यांत कृष्णजन्म आहे, प्रल्हादचरित्र आहे, द्रौपदीच्या थाळीची कथा आहे. ज्ञानदेवादि भावंडांविषयीची माया आहे. पण सर्वांत जिवंत आहेत ती तिच्या कामाची वर्णने. झाडताना, दळताना, पाणी भरताना, न्हाताना विठ्ठल तिच्याबरोबर आहे. तो केर भरतो, तिची वेणीफणीसुद्धा करून देतो. डोक्यावरचा पदर खांद्यावर येऊ देऊन भर बाजारातून टाळ घेऊन जाईन, कोणी काय म्हणेल ते म्हणो, असेही ही बाई सांगून टाकते. तेराव्या-चौदाव्या शतकातील एका मोलकरणीने हे म्हणावे, याचे धैर्य केवढे!

आता गोपाळपूर. पंढरपुराच्या दक्षिणेस मैलभर अंतरावर हे लहानसे खेडे आहे. आषाढी पौर्णिमेला पालख्या येथे येतात, काला होतो आणि मग वारकरी परतीच्या वाटेला लागतात. आम्ही गेलो ते वारीचे दिवस टाळून, त्यामुळे निवांत पाहता आले. एका उंचवट्यावर गोपाळकृष्णाचे मंदिर असून त्याला किल्ल्यासारखा दगडी तट आहे. आपल्या कोसबाडच्या टेकडीपुढे तो उंचवटा काहीच नाही. पण सपाट मुलखात तो दुरून उठून दिसतो. पायऱ्या चढून आत गेले की जनाबाईचे स्थान आणि तिचे जाते दाखवितात. येणारी प्रत्येक बाई त्या जात्याला हात लावून नमस्कार करते.

आमच्यातील एक मावशी लहानपणी नागलीचे दळण दळलेल्या. त्या जात्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या की, जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा असतो. एकटीने ओढले तर खांदा भरून येतो. त्यांच्या या साध्या बोलण्याने त्या प्रसिद्ध कथेचा अर्थ मला उलगडला. पहाटे जनी एकटीच दळायला बसे आणि विठ्ठल येऊन खुंट्याला हात लावी, अशी ती कथा. देवाने तिची दासीपणातून सुटका केली असे कथा म्हणत नाही, की पीठ आपोआप पडले असेही म्हणत नाही. समोरची रिकामी जागा तेवढी त्याने भरली. ज्या बाईने एकटीने घरभराचे काम ओढले आहे, तिला याहून मोठा चमत्कार नको असतो.

दुसरी कथा कठोर आहे. एकदा विठ्ठल जनीकडे आला आणि परतताना आपला शेला व गळ्यातले पदक तेथेच विसरून तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवाच्या अंगावरचे पदक नाही म्हणून बोभाटा झाला, आणि बोट दाखविले गेले ते जनीकडे. तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर देण्याचे ठरले. पण ऐन वेळी सुळाचे पाणी पाणी झाले, अशी ही कथा आहे. सुळाचे पाणी झाले की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. परंतु घरात काही हरवले की पहिला संशय मोलकरणीवर, हा कथेचा अर्धा भाग खोटा म्हणण्याची कोणाची छाती आहे? आपणही कपाट नीट न उघडता आधी कोणाचे नाव घेतो, हे एकदा मनाशी पाहावे.

शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारी देह ठेवला आणि त्यांच्याबरोबर घरच्या मंडळींनी व जनीनेही समाधी घेतली, अशी वारकरी परंपरा आहे. नामदेव पंजाबापर्यंत फिरले होते. शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. जनी कोठे गेली नाही. पण जेथे जेथे जाते होते तेथे तेथे तिचे नाव गेले. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत जनी आणि विठ्ठल एका जात्यावर बसलेले भेटतात. गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली. पण जनी राहिली.

आता कोणी म्हणेल की, ही गोष्ट देशावरची, तिचा आपल्या कोसबाडशी काय संबंध? मला तर तो फार जवळचा वाटतो. दासी हा शब्द डहाणू-तलासरीत केवळ पोथीतला नव्हता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी वारली नवराबायको सावकाराकडे राबत. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली तलासरीतील झरी येथे आदिवासी एकत्र आले, गोदावरी परुळेकरांसारख्यांची साथ मिळाली, आणि वेठबिगारीविरुद्ध येथील माणूस उभा राहिला. पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आल्या. मुले शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटे भावंड आहे किंवा मागे गुरे आहेत, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी धाकट्यांसाठी शाळेलगत बालवाडी काढली आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा. कामात अडकलेल्या पोराला दोष न देता शाळाच कामापाशी नेली.

जनीच्या वेळी ही सोय नव्हती. संतांपैकी कोणाचे अभंग कोण लिहून घेत असे, याची यादी सांगणारा एक अभंग तिच्या नावावर आहे. आणि जनीचे अभंग स्वतः विठ्ठल लिही, अशी श्रद्धा आहे. कथा गोड आहे. पण लिहिण्याचे काम देवावर सोपविण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

म्हणून शेवटी दोन सूचना करते. आपल्या मंडळात सतरंज्या घालणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, हळदीकुंकवाला आधी येऊन शेवटी जाणाऱ्या भगिनी आहेत. स्मरणिकेत पदाधिकाऱ्यांची नावे छापतो तशी त्यांचीही पूर्ण नावे छापावीत. आणि त्यांच्यापैकी ज्यांना सही करता येत नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी मंडळाच्या खोलीत वर्ग चालवावा. शिकविण्यासाठी मी येईन. आणखी दोघी-तिघींनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत, ही विनंती.